हेडलाइटचा अर्थ

माझ्या नवऱ्याला माणसांशी बोलता येत नाही. गाड्यांशी येतं. एखादी गाडी जराशी कुरकुरली तरी तिचं कुठे दुखतंय ते यांना कळतं, आणि मी सकाळपासून तोंड पाडून बसले तर विचारतील, "चहा झाला का?" गाड्यांच्या वायरिंगचं यांचं दुकान आहे. पुढे गल्लीत गाडी उभी करायची, आत एक टेबल, भिंतीवर वायरींची वेटोळी आणि काउंटरवर मी. बल्ब, फ्यूज विकते आणि हे काय म्हणाले ते गिऱ्हाइकांना समजावून सांगते.

ते काही सोपं काम नाही. गाडीतल्या दिव्याला एक वायर करंट आणून देते आणि दुसरी, बहुधा काळी, तो गाडीच्या पत्र्यात परत सोडते. या दुसऱ्या वायरीला धंद्यात सगळे 'अर्थ' म्हणतात. शब्द बाहेरून आला आणि नेमका आपल्या अर्थाच्या जागेवर येऊन बसला. लग्न नवीन होतं तेव्हा हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "सकाळपासून शोधतोय, अर्थच सापडत नाही." मी मनातून हरखले. म्हटलं, माणूस वरून रुक्ष दिसतो, पण आत विचारी आहे. नंतर कळलं, ट्रॅक्टरबद्दल चाललं होतं.

तर त्या दिवशी दुपारी दादा त्यांची पिकअप घेऊन आले. दादा म्हणजे यांचे मोठे भाऊ. बेकरीचा माल दुकानांना पोचवतात. बोलण्यात हे दादांपुढे वक्ते ठरतील. गाडी त्यांच्याइतकीच थकलेली, दारं खडखडतात, पण त्या दिवशी तिचं तोंड नव्या निळ्या रंगाने चकाकत होतं.

"हेडलाइट लागत नाहीत," एवढं बोलून दादा स्टुलावर बसले.

मी हातातलं काम टाकून काउंटरबाहेर आले. कारण त्या संध्याकाळवर काय अवलंबून होतं, ते मला ठाऊक होतं.

काही महिन्यांपूर्वी ताई, म्हणजे माझी मोठी जाऊ, घाटापलीकडच्या गावी तिच्या बहिणीकडे निघून गेली. भांडण नव्हतं झालं. भांडायला समोरच्याने तोंड उघडावं लागतं. "मी घरात आहे की नाही, हे त्यांना एकदा विचारून बघ," असं ती मला म्हणायची. गेली तीसुद्धा दादांच्याच पिकअपमधून, शिलाई मशीन आणि ट्रंक घेऊन. मशीन दादांनीच उचलून चढवलं. वाटेत काय बोललात, असं मी नंतर विचारलं तर म्हणाले, "मागच्या टायरमध्ये हवा कमी होती."

आता तिकडच्या मुलींच्या हॉस्टेलने ताईला देखरेखीचं काम देऊ केलं होतं, राहायला खोलीसकट. आदल्या दिवशी तिने मला फोन करून सांगितलं, "उद्या संध्याकाळपर्यंत ते न्यायला आले तर मी येते. काही बोलले नाहीत तरी चालेल, नुसते येऊ देत. नाही आले तर मी हॉस्टेलला हो म्हणते. मग मात्र मला कुणी परत बोलवू नका."

मी हे दादांना शब्दन्‌शब्द सांगितलं. त्यांनी हातातला चहा संपवला आणि म्हणाले, "जातो."

"फोन करून कळवू तिला?"

"नको. जातोच आहे ना."

असा हा माणूस. आणि आता गाडीला दिवे नाहीत. येताना घाटात अंधार होणार होता. मी म्हटलं, "दादा, बसने जा."

"तिचं मशीन?" दादा म्हणाले.

हे कामाला लागले. फ्यूज काढून उजेडात धरला, शाबूत होता. दोन्ही बल्ब बॅटरीला लावून बघितले, झगझगीत पेटले. पार्किंगचे दिवे लागत होते, हॉर्न ठणाणा वाजत होता, हेडलाइट तेवढे मुके. यांनी दादांना गाडीत बसवलं, इंजिन चालू ठेवायला लावलं आणि डिपरचा दांडा वर-खाली करायला सांगितलं. स्वतः बोनेटखाली डोकं घातलं आणि मला म्हणाले, "रिले आणतेस का कोपऱ्यावरून? आपल्याकडचा याला बसत नाही."

रिले म्हणजे दिव्यांना करंट जोडून देणारी डबी. मी तशीच पायात चपला सरकवून धावले. कोपऱ्यावरचा दुकानदार महाआळशी. खोकी उचकत बसला. माझा जीव टांगणीला लागला होता.

परत आले तर इंजिन घुरघुरतच होतं, दादा आत दांड्याशी खेळत होते आणि हे काउंटरवरचा फोन पालथ्या हाताने बाजूला सारत होते.

"वहिनींचा फोन आला होता," हे म्हणाले.

"काय म्हणाली?"

"विचारत होत्या. सांगितलं काय झालंय ते."

"बरं झालं," मी म्हटलं. मला खरंच हायसं वाटलं. आता उशीर झाला तरी ती थांबेल, असं वाटलं.

खात्रीसाठी यांनी नवा रिले लावून बघितला, त्यानेही काही झालं नाही. मग यांनी काचांवर हाताचा आडोसा धरून वाकून बघितलं. दिवे अगदीच मेलेले नव्हते. आत विझत्या निखाऱ्यासारखा लालसर ठिपका होता. यांनी दादांना इंडिकेटर लावायला सांगितलं, तर इंडिकेटरबरोबर तो ठिपकाही मिचमिच करायला लागला.

"म्हटलं नव्हतं, अर्थच!" हे खूश होऊन म्हणाले. परतीची वाट मिळाली नाही की करंट असा भलत्या दिव्यांतून हिंडतो म्हणे. यांनी काळी वायर बोटाने चाचपत नेली. ती बॅटरीच्या मागे पत्र्याला बोल्टने बसवली होती, आणि पत्रा, वायरीचं टोक, बोल्ट, सगळं निळं.

"दादा, रंग कुणी दिला?"

"मीच. काल, रविवारी."

"वायर सोडवून रंग दिलास आणि परत रंगावरच आवळलीस? रंगातून करंट जातो का?"

दादा गाडीतून उतरले, त्या बोल्टकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा बरी दिसावी म्हणून."

मला इतकं भरून आलं की मी आत जाऊन उगाच पाण्याचा माठ हलवला. ताईला आणायला जायचं म्हणून या माणसाने गाडीचं तोंड रंगवलं होतं, आणि त्या रंगानेच गाडीचे डोळे गेले होते.

यांनी कानशीने रंग खरवडला, पत्रा लखलखीत केला, बोल्ट आवळला. समोरच्या भिंतीवर उजेडाचे दोन लख्ख गोल पडले. दादांनी शर्टाला हात पुसले आणि ऊन कलायच्या आत निघाले. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले.

सकाळी पिकअप बेकरीसमोर उभी होती. मागे मशीन नव्हतं, ट्रंक नव्हती.

दादांकडून गोष्ट काढून घेणं म्हणजे गंजलेला नट सोडवणं. एवढंच कळलं की ताई बहिणीच्या घरी नव्हती. हॉस्टेलला हो म्हणून सामानासकट तिकडे गेली होती. दादा हॉस्टेलच्या फाटकावर गेले. ताई बाहेर आली. म्हणाली, "आता कशाला आलात?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"अहो, दिवे बिघडले होते, एवढं तरी सांगायचं!"

"विचारलं नाही तिने," दादा म्हणाले आणि पावाचे क्रेट चढवायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगू, ताईचाही रागच आला. दिव्यांचं हिला माहीत होतं, तरी ही थांबली नाही?

तो राग घेऊनच मी पुढच्या आठवड्यात तिला भेटायला गेले. हॉस्टेलच्या खोलीत पलंग, टेबल, खिडकीखाली ते मशीन. ताई चादरींच्या कडा शिवत होती. मी बसायच्या आत तोंड सोडलं. "दादा कसेबसे दिवे दुरुस्त करून आले आणि तुला थोडा धीर धरवला नाही?"

तिचा पाय मशीनवरच थांबला. "कसले दिवे?"

"पिकअपचे. यांनी फोनवर सांगितलं ना तुला?"

"मला?" ती म्हणाली. "मी विचारलं, हे येतायत का? इंजिनाचा आवाज इतका होता, तुझा नवरा ओरडून बोलत होता. म्हणाला, 'कसे येणार वहिनी? अर्थच उरला नाही. वरवर सगळं ठीक दिसतं, पण मी आतून तपासलं, अर्थच नाही.' मी विचारलं, ते काय म्हणतात? तर म्हणाला, 'ते काय म्हणणार, बसलेत गप्प.'"

मी डोक्यालाच हात लावला. मग तिला काळी वायर, निळा रंग, बोल्ट, रविवार, सगळं सांगितलं. ताई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने ते शिवत्या चादरीला पुसलं.

"मग चल ना," मी म्हटलं. "गैरसमजच होता तो. आत्ता चल."

ताईने सुईखाली कापड सरळ केलं. "नको गं," ती म्हणाली. "मला इथे बरं वाटतं." आणि मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. वाटेत माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल विचारत होती.

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे बराच वेळ पक्कड उघडत-मिटत बसले. "मी वायरीचा अर्थ म्हणत होतो," म्हणाले, जणू मलाच ते माहीत नव्हतं. मग उठून चालायला लागले. "दादाला सांगतो. मारू दे मला हवं तर." मी मागोमाग गेले.

बेकरीच्या अंगणात दादा एकटेच माल चढवत होते. यांनी सगळं सांगितलं. जन्मात एका दमात इतकं बोलले नसतील. "माझ्यामुळे झालं दादा. मी नुसतं 'दिवे' म्हटलं असतं तरी पुरे होतं."

दादा क्रेट धरून ऐकत होते.

"मग ती काय म्हणाली? फोनवर?"

"'बरं' म्हणाल्या."

"कशाचा अर्थ, विचारलं नाही?"

"नाही."

"लगेच म्हणाली? बरं?"

यांनी माझ्याकडे बघितलं. दादांशी खोटं बोलायला हे शिकलेले नाहीत. "लगेच," हे म्हणाले.

दादांनी क्रेट गाडीत ठेवला. "मग तुझी चूक नाही रे," ते म्हणाले. पुढचा क्रेट उचलायला वाकले, आणि तसेच वाकून राहिले. हे पुढे झाले, दुसरी बाजू धरली. क्रेट काही जड नव्हता, पण दोघांनी मिळून उचलला.