झिजलेल्या रबराचं माप

एका निवृत्त ड्राफ्ट्समनच्या दारात त्याच्या वडिलांची साठ वर्षांची मोटार उभी होती आणि तिच्या ब्रेकचं रबर कुठेच मिळत नव्हतं. मोटार बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. त्याने चार महिने दुकानं पालथी घातली. शेवटी मेकॅनिक अण्णांनी परगावच्या कारागिराला ते करायला सांगितलं. तीन आठवडे लागणार होते.

"ताई शनिवारी लेकाकडे निघालीय, कायमची. याच गाडीतून स्टेशनवर सोडायचा शब्द दिलाय मी," ड्राफ्ट्समन म्हणाला. जुन्या बाजारातून त्याने दुसऱ्याच गाडीचं रबर पैदा केलं होतं. "बघा, काढलेल्या रबराशी सुताचाही फरक नाही."

"काढलेलं झिजलंय म्हणूनच बदलतोय ना, साहेब? माप ते ज्यात बसतं त्या ब्रेकच्या सिलिंडरचं घ्यायचं. जन्म मापं काढण्यात गेला तुमचा, मी काय सांगू?"

"अहो, बसतंय की."

"बसतंय. दाब सोसेल का? रस्ता काही तुमच्या एकट्याचा नाही."

अण्णांनी हात लावला नाही. ड्राफ्ट्समनने रबर स्वतःच बसवलं, गल्लीत दोन चकरा मारल्या. ब्रेक लागला.

शनिवारी ताई ऐटीत पुढे बसली. "छोट्या, बाबांसारखा हॉर्न बडवू नकोस हं. लोक शिव्या घालायचे."

उतारावर गल्लीचा पोस्टमन सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. ड्राफ्ट्समनने ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला!

पोस्टमनचा गुडघा कायमचा गेला. दवाखान्यात तो एवढंच म्हणाला, "तुमच्या गल्लीतले जिने आता दुसरं कोणी चढेल, साहेब."

बाहेर बाकावर ताई त्याच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "मी रिक्षानेही गेले असते रे."

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. ते आणणारा पोस्टमन नवा होता, घर विचारत विचारत आला. आतलं रबर अण्णांनी बसवलं, ते सिलिंडरमध्ये चपखल बसलं. ड्राफ्ट्समनला मात्र ते हातात धरवेना.

हल्ली दर शनिवारी तो अण्णांच्या गॅरेजमध्ये बसून लोकांच्या जुन्या गाड्यांची मापं घेतो. घाई करणाऱ्याला पोस्टमनची गोष्ट सांगतो, स्वतःला न वगळता.

आपणही रोज कशाला ना कशाला 'चालतंय' म्हणून मोकळे होतो. त्याची किंमत ज्याला मोजावी लागते, त्याला आपण विचारलेलं नसतं. झिजलेल्यावरून माप घेऊ नये आणि दुसऱ्याच्या जिवावर घाई करू नये. हे ड्राफ्ट्समनला अण्णांनी आधीच सांगितलेलं होतं.