जो टांगेल, त्यानेच काढावा

मी एक जुना तांबडा बावटा आहे. तांबडा म्हणायचे ते आता नुसते नावाला. उन्हाने माझा रंग कधीच विटला. पण मित्रांनो, एके काळी मला पाहिल्यावर भलीमोठी मालगाडीसुद्धा जागची हलत नसे.

मालगाडीचे डबे जिथे जोडतात आणि सोडतात, त्या यार्डात माझी उमेदीची वर्षे गेली. कोठारातून मी आलो तेव्हा माझी कड उसवलेली होती. माझ्या धन्याच्या बायकोने ती दुमडून घट्ट शिवली आणि ‘याला जपा, म्हणजे हा तुम्हाला जपेल,’ असे त्याला बजावले.

माझा धनी डबे जोडायचा. यार्डाची बोली मोठी गमतीची. साखळीने दोन डबे जोडणे म्हणजे ‘गाठ मारणे’, म्हणून माझा धनी ‘गाठवाला’. दोन डब्यांमधली अरुंद जागा म्हणजे ‘बोळ’. डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या इंजिनाला सगळे ‘आत्याबाई’ म्हणत, कारण ते दिवसभर कुरकुरत याला त्याला ढोसत असे. साहेबांच्या पुस्तकात यातला एकही शब्द नव्हता, पण यार्ड चालायचे ते याच शब्दांवर.

बोळात शिरण्याआधी गाठवाला मला डब्याच्या बाहेरच्या कडीला टांगायचा. मी दिसलो की आत माणूस आहे, असे समजून ड्रायव्हर आत्याबाईला हातसुद्धा लावत नसे. आणि जो टांगेल, त्यानेच मला काढायचे. मला तसाच विसरून कोणी चहाला गेला, तर सगळे काम खोळंबायचे आणि त्या माणसाला महिनाभर ‘नवरदेव’ म्हणून चिडवायचे. ‘नवरदेव, लक्ष कुठंय?’ माझा धनीही एकदा असा नवरदेव झाला होता. तो स्वतः हसण्यावारी न्यायचा. त्याच्या धाकट्या भावाला मात्र ती थट्टा फार झोंबली.

धाकटा त्याच यार्डात चाकांना तेल घालायचा. आई लवकर गेली, वहिनीनेच त्याला वाढवले. दादा म्हणजे त्याचे सर्वस्व. एका थंडीत वहिनीने दोघा भावांना एकाच निळ्या लोकरीचे स्वेटर विणले, आणि धाकटा आपला स्वेटर साऱ्या यार्डाला दाखवत हिंडला.

त्या सकाळी सांधेवाला, म्हणजे रूळ बदलणारा माणूस, तापाने कुडकुडत होता. गाठवाल्याने आपला स्वेटर उतरवून त्याच्या अंगात घातला, मला कडीला टांगले आणि तो बोळात शिरला. साखळी गंजलेली होती. गाठ काही केल्या बसेना.

तेवढ्यात धाकटा आला. निळा स्वेटर पाठमोरा नळाकडे चाललेला त्याने पाहिला, आणि मी इथे कडीलाच. बिचाऱ्याला वाटले, दादा पुन्हा विसरला. आता पुन्हा महिनाभर हसतील. त्याने इकडेतिकडे बघितले, मला हळूच काढले आणि गुंडाळून काखेत मारले.

मित्रांनो, आत कोण आहे ते मला ठाऊक होते. पण फडक्याला वाचा कुठली? तो क्षण आठवला की आजही मला फाटून जावेसे वाटते.

ड्रायव्हरने डोकावून पाहिले. कडी रिकामी होती. त्याने शिट्टी दिली. शिट्ट्या काय, तिथे दिवसभर चालूच असतात. आत्याबाईने डबे ढकलले.

धाकटा नळापाशी पोचला आणि हसत म्हणाला, “दादा, तुझी अब्रू वाचवली बघ.”

सांधेवाल्याने वळून पाहिले.

धाकट्याने काही लपवले नाही. चौकशीत सांगितले, घरी वहिनीच्या पायाशी बसूनही सांगितले. भेटायला येणारे म्हणत, दैवाचा घाला, दुसरे काय! वहिनीने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “भावजी, तुम्ही घर सोडू नका. पोरीला काका हवा. तुमचं ताट रोज वाढलेलं असेल. फक्त मला वहिनी म्हणू नका. ती हाक मला ऐकवणार नाही.”

आता ती पोर मोठी झाली. मी ट्रंकेच्या तळाशी घडी होऊन पडलो आहे. धाकटा अजून यार्डात जातो. संध्याकाळी परत येतो, चपला काढतो आणि दारात नुसता उभा राहतो. पावलांच्या आवाजावरून वहिनी दार उघडते. एक भांडे पाणी ठेवते. दोघे बोलतात, पण एकमेकांशी थेट नाही; पोरीच्या मार्फत.

मित्रांनो, मी जीर्ण कापड, तुम्हाला काय शिकवणार? पण दुसऱ्याने टांगलेली खूण मायेपोटीसुद्धा परस्पर काढू नका. लोक हसले तर हसू द्या. आधी आत डोकावा, हाक मारा. त्या दिवशी धाकट्याने बोळात तोंड घालून एकदाच ‘दादा’ म्हटले असते, तर आज दारात उभे राहून त्याला ‘वहिनी’ म्हणता आले असते.