ठमाबाईनं न चोळलेलं पोट

आमच्या गावात पोट दुखलं की डॉक्टरआधी ठमाबाईला बोलवायचे. बेंबी सरकलेली असो की वायू अडकलेला, तेलाचा हात फिरवून म्हातारी माणसाला उभं करायची. चाळीस वर्षांत तिनं कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

माझी बायको शकू पेणला माहेरी गेली आणि डेंग्यू घेऊन आली. सहाव्या दिवशी ताप उतरला. रोह्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप गेल्यावरच जास्त सांभाळा, पोट दुखलं तर लगेच आणा. मला हे उफराटंच वाटलं. ताप गेला म्हणजे दुखणं गेलं! मी खुशाल धाटावच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला गेलो.

दुपारी परतलो तर शकू पोट धरून बसलेली. अंग गार, कपाळावर घाम.

"अहो, डावा खांदापण दुखतोय," ती म्हणाली. "आत काहीतरी हळूहळू भरतंय."

मी ठमाबाईला आणलं. तिनं तेल कोमट केलं, शकूच्या डाव्या बरगडीखाली बोटं टेकवली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"विठू, मी नाय चोळनार. हितं जे हाय ते माज्या हातचं नाय. हिला रोह्याला ने."

"इतकी वर्षं चोळलंस, आजच काय झालं?"

"ने म्हनते ना!" म्हणत ती रिक्षा बघायला बाहेर पडली.

मला रागच आला. म्हातारीची नाटकं! तेल तयार होतं, मीच चोळायला बसलो. शकू विव्हळली. मी जोर वाढवला. तळव्याखाली काहीतरी टणक होतं, ते एकदम मऊ पडलं.

शकू हसली. "बरं वाटलं हो."

मला कोण अभिमान वाटला. मग तिचे ओठ पांढरे होत गेले, हसू मात्र तसंच राहिलं. मला माझ्याच बायकोची भीती वाटली.

रोह्याला डॉक्टरांनी तपासलं. "पानथरी, म्हणजे प्लीहा, फुटलीय. डेंग्यूत ती सुजते कधीकधी. पोटात रक्त साचलंय. पोट कुणी चोळलं?"

शकूचा गार हात माझ्या हातात होता, डोळे मिटलेले.

"ठमाबाईनं," मी म्हणालो.

शकूनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, आणि उरलंसुरलं बळ लावून आपला हात सोडवून घेतला.

ऑपरेशनमधून ती जिवंत बाहेर आली नाही. ठमाबाईला गावात आता कुणी बोलवत नाही, आणि मी अजून गप्प आहे.