लांडग्याला बांधणारी फीत

टेमघरच्या एका कापडाच्या लूमवर रंजिता तुटलेले धागे जोडायची. अठरा वर्षं तेच काम. तिने मारलेली गाठ कापडावर बोट फिरवूनही सापडत नसे. म्हणूनच २००६च्या एप्रिलात, भर दुपारी, मानकोलीचे गोदाममालक केसरीनाथशेठ तिला न्यायला स्वतः आले.

"नॉर्वेची एक बाई हाय माझ्या गोदामात," गाडीत ते म्हणाले. "तिला गाठ मारनारी पायजे. लवकर. बाकी मला काय कलत न्हाय."

गोदामात पांढऱ्या केसांची उंच इंग्रिड उभी होती. तिची उजवी बाही मनगटाखाली रिकामी होती. मागे एक भलीमोठी लाकडी पेटी फुटून पडलेली, आणि त्या फळ्यांवर राखाडी डोंगरासारखं काहीतरी. मग त्या डोंगराने श्वास घेतला. लांडगा! त्याची पाठ छताच्या पत्र्याला टेकली होती. चारही पाय बांधले होते ते रेशमाइतक्या मऊ, बोटभर रुंद फितीने.

"याने देवांच्या साखळ्या तोडल्या," इंग्रिड मोडक्या हिंदीत भराभर सांगू लागली. "ही फीत नाही तोडता आली. हिच्यात मांजराच्या पावलांचा आवाज आहे, डोंगराची मुळं आहेत, माशाचा श्वास आहे. आमच्या घराण्याने ती सांभाळली. आता झिजलीय, आणि ती झिजेल तसा हा वाढतोय. जोडणारे हात शोधत इथवर आले."

तेवढ्यात फितीचा एक धागा तटकन तुटला. लांडगा हलला आणि पत्रे खडखडले.

"तोंडात तारण म्हणून कुणाचा हात असेल तरच तो जवळ येऊ देतो," इंग्रिड म्हणाली. "माझा एक त्यातच गेला."

केसरीनाथशेठनी बाही वर सारली. "जा बाय, तू गाठ मार."

"शेठ, नको!"

"जा म्हनतो ना!"

त्यांनी हात त्या जबड्यात ठेवला. रंजिता पंजांखाली शिरली. फितीचे शेवटचे दोनच धागे उरले होते. तिने तुटलेली टोकं चिमटीत धरली आणि कानात मांजर चालल्याचा आवाज आला, इतका स्पष्ट की तिने वळून पाहिलं. बोटांखाली खोल जमिनीतलं काहीतरी पीळ घेत होतं. एक गाठ. दुसरी. सातवी मारताच फीत आपोआप आवळली.

आपण पुन्हा बांधले गेलो, हे लांडग्याला कळलं. जबडा मिटला.

शेठ ओरडले, हात ओढला, पण दोन बोटं आतच राहिली. समोर लांडगा आक्रसत गेला, कुत्र्याएवढा झाला आणि निजला.

संध्याकाळी इंग्रिड त्याला घेऊन कशेळीच्या पुलावरून गेली. दवाखान्यात रंजिता शेठच्या खाटेशी बसली.

"दुखतं का?"

"दुखतं ना." ते पट्टीकडे बघत राहिले. "पन त्याचा श्वास लागला हाताला... थंडगार, बाय. त्यात समिंदर वाजत व्हता. साठ वर्सं खाडीवर काढली मी, असा समिंदर कदी आयकला न्हाय."

रंजिताने आपली बोटं कानाशी नेली, मांजराची पावलं अजून ऐकू येतात का ते बघायला.