रतिलाल सरांची शेवटची नोंद

वॉर्डात शिरताना मोबाइल ट्रेमध्ये ठेवायचे, हा रतिलाल सरांचा नियम. पेशंटसमोर हातात फोन त्यांना खपत नसे. विद्यार्थ्याने सलाईन लावलं, की ते ट्रेमधून त्याचा फोन उचलत, त्यावरचा कोड स्कॅन करत, आपल्या फोनवर शेरा निवडत आणि अंगठा टेकवत. त्या दिवशी कामिनी आणि स्वप्नील, दोघांच्याही फोनला सारखंच निळं कव्हर होतं. कामिनीने पहिल्याच प्रयत्नात सुई लावली. स्वप्नीलला शीरच सापडली नाही. नोंद मात्र उलटी झाली: तो पास, ती नापास.

स्वप्नीलनेच सरांना फोन करून ते सांगितलं.

"सोमवारी आल्यावर दुरुस्त करतो रे," सर म्हणाले.

रविवारी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सोमवारी ते आले ते आपल्याच कॉलेजच्या आयसीयूत, बेशुद्ध. आणि इंटर्नशिपची यादी त्याच संध्याकाळी बंद होणार होती. नापासाचं नाव यादीत येत नाही, म्हणजे कामिनीचे सहा महिने गेले. यावलला तिच्या आईने केळीच्या पॅकिंगवरच्या बायकांना केव्हाच सांगून ठेवलं होतं, पोरगी यंदा डॉक्टर होते म्हणून.

कॉलेजच्या नोंदींची ही ब्लॉकचेन संगणक विभागातल्या दीपमालाने बसवली होती. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला बांधलेली, प्रती सगळ्या विभागांच्या संगणकांवर. खोडणं कुणालाच शक्य नाही. खाली दुरुस्ती जोडता येते, पण मूळ परीक्षकाच्याच अंगठ्याने. "डीनसरांनाही बदलता येणार नाही," असं तिने बैठकीत अभिमानाने सांगितलं होतं. परीक्षकच शुद्धीवर नसला तर काय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मॅडम, काहीतरी करा ना," आयसीयूत सरांच्या खाटेपाशी स्वप्नील तिला म्हणाला. "माझा पास काढून घ्या हवं तर."

"नियम बदलायला सगळ्या विभागांची संमती लागते. महिना जाईल."

सरांच्या पत्नी वच्छलाबाईंनी पिशवीतून सरांचा फोन काढला आणि कामिनीच्या हातात दिला. "त्यासनी सांगेल व्हतं माले, यावलनी पोरनं काम बाकी शे. लाई ले बेटा अंगठा. हात त्यासनाच शे ना."

दीपमालाने फोनवर दुरुस्तीचं पान उघडून दिलं. यंत्र अंगठ्याच्या रेघा ओळखेल, हे तिला ठाऊक होतं. रेघांमागचा माणूस हो म्हणतोय का, हे त्याला कळणार नव्हतं. नको म्हणायला हवं होतं. तिने फोन कामिनीला परत दिला.

कामिनीने सरांचा हात उचलला आणि थांबली. सुईभोवती हात सुजला होता.

"सिस्टर, सलाईन शिरेबाहेर जातंय."

सिस्टर पलीकडच्या पेशंटपाशी अडकल्या होत्या. त्यांनी तिलाच खूण केली. कामिनीने फोन ट्रेमध्ये ठेवला, हात धुतले, जुनी सुई काढली. दुसऱ्या हातावर शीर चाचपली. "थोडं टोचेल हं, सर," ती म्हणाली. सुई पहिल्याच प्रयत्नात बसली.

"आनि अंगठा?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"राहू द्या, काकू. ते आता पेशंट आहेत."

गुरुवारी सर गेले. परीक्षक नसेल तर समितीने दुरुस्ती जोडावी, असा नवा नियम दीपमालाने लिहिला, तो महिन्याने मंजूर झाला. तोवर कामिनी पुन्हा खालच्या बॅचबरोबर वॉर्डात उभी होती. सरांच्या नावाखालची शेवटची नोंद आजही उघडते: कामिनी, सलाईन लावणे, जमत नाही. खाली समितीची दुरुस्ती आहे. सरांचा अंगठा नाही.

आयसीयूतली ती सुई कुठेच नोंदली गेली नाही. तपासणारा माणूस समोरच होता, डोळे मिटून.