हिरवा दिवा तर लागतोच

पैलवानाने इलेक्ट्रिक टॅक्सी दादाच्या रिपेअरिंगच्या दुकानात घातली ती शटरचा कोपरा वाकवूनच. खाली उतरला, शटर आतून ओढलं आणि कडी लावली.

"अहो, दुकान आहे हे, आखाडा नाही," दादा मान न उचलता म्हणाला. मग त्याने वर पाहिलं आणि जीभ चावली. पैलवानाची बायको परवा गेली होती. गाडी धुताना शॉक लागला, एवढंच गल्लीला ठाऊक होतं.

पैलवान जुना कुस्तीगीर. कान मोडलेले, मानेच्या जागीही खांदेच. एरवी टॅक्सीसमोर कुत्रं आडवं झोपलं, तर उतरून त्याची समजूत काढणारा माणूस. आज त्याच्या हातात चाकाचा पाना होता. दुसऱ्या हातातला काळा अडॅप्टर त्याने टेबलावर ठेवला. पुढे दोन गोल पिना, मागे चार्जरचा जाड प्लग बसेल एवढं तोंड. एका बाजूने तडकलेला.

"इथून आणला होता तिने. कोणी बनवला?"

दादाने तडकलेल्या फटीतून आत पाहिलं. आत तारेचा एक जास्तीचा तुकडा जोडलेला, आणि सांध्यावर सोल्डरचे हे एवढाले गोळे. डोळे मिटूनही ओळखला असता. हात धाकट्या भावाचा.

इलेक्ट्रिक गाडीचा पोर्टेबल चार्जर म्हणजे मोठा मानी पाहुणा. भिंतीत अर्थिंग दिसलं नाही की लाल दिवा लावून रुसून बसतो. जुन्या घरांना अर्थिंग असतं कुठे? मग धाकट्याने युक्ती काढली. अडॅप्टरच्या पोटात एक पिन आणि अर्थिंगचं तोंड एका तारेने जोडून टाकायचं. पाहुणा फसतो, हिरवा दिवा लागतो. पण त्या गोल पिना सॉकेटमध्ये सुलट जातात तशाच उलटही जातात. सुलट गेल्या तर ठीक. उलट गेल्या तर सगळा करंट गाडीच्या पत्र्यात उतरतो, आणि हिरवा दिवा तेव्हाही लागतोच.

असला पहिला अडॅप्टर दादाने हातोडीने फोडला होता. धाकट्याने कानाला हात लावले होते. आणि आता तो कोपऱ्यावर स्क्रू आणायला गेला होता. मागच्या दाराने कधीही आत येणार. आईबापामागे दादाने ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, तो या पान्यासमोर येणार.

"मी बनवला," दादा म्हणाला.

पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा बरगड्यांवर. दादा खुर्चीसकट कलंडला, टेबलावरचे डबे खाली आले, नट-बोल्ट फरशीवर सांडले. पैलवान शिव्या देत नव्हता, हेच जास्त भयंकर होतं. काम उरकावं तसा मारत होता. ओठ फुटला, तोंडात रक्त आलं. दादाने हात वर केला नाही. मनात एकच घोळत होतं, देवा, त्याला वाटेत कोणीतरी गप्पा मारायला भेटू दे.

"ऊठ," पैलवान म्हणाला. "तुझी वस्तू चांगली आहे ना? मग दाखव."

त्याने गाडीला चार्जर लावला, चार्जरला अडॅप्टर, आणि अडॅप्टर भिंतीत खुपसला. हिरवा दिवा लागला. कोपऱ्यातली बादली त्याने फरशीवर पालथी केली, दादाच्या पायातल्या चपला लाथेने उडवल्या.

"ती अनवाणी होती."

"पैलवान, ऐका माझं—"

"तिचं कोणी ऐकलं?"

त्याने दादाचं मनगट धरलं आणि तळवा गाडीच्या दाराच्या मुठीवर दाबला. दादाने डोळे मिटले. ओठांवर नाम आलं.

काही झालं नाही.

पैलवान थबकला. स्वतःच्या बोटाने पत्रा चाचपला. काहीच नाही. त्याचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याला भर मैदानात हसलं होतं. "मग ती का गेली?" तो ओरडला. "काय केलं तिने असं? रोज लावायची! मी झोपलेला असायचो, माझी झोप मोडू नये म्हणून स्वतः लावायची!" त्याने अडॅप्टर भिंतीतून उपसला, हातात गरागरा फिरवला, पिनांकडे पाहिलं, जणू त्या पिनाच बोलणार होत्या. आणि पुन्हा खुपसला.

हिरवा दिवा लागला.

"चल, परत धर."

मागचं दार करकरलं. "दादा, स्क्रू नाही मिळाले, तो म्हातारा म्हणतो—" धाकटा उंबऱ्यातच थिजला. रक्त, पाणी, भिंतीतला अडॅप्टर, दाराच्या मुठीकडे खेचला जाणारा दादाचा हात. "उलटा गेलाय!" तो किंचाळला. "हात लावू नका! उलटा गेलाय तो!"

पैलवानाने दादाचं मनगट सोडलं.

"तुला कसं कळलं रे?"

धाकट्याची नजर डब्याच्या तड्यावरच होती. तडा सोडला तर तो काळा डबा बाहेरून दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायचा. तडा कुठल्या बाजूला आला की पिना सुलट, हे फक्त बनवणाऱ्याला माहीत असणार.

"पैलवान, मी बनवलाय, मी सांगतोय ना!" दादा त्याच्या पायांना मिठी मारत ओरडला. पैलवानाने पाय झटकला. टाच हनुवटीवर बसली आणि दादाचा एक दात फरशीवर पडला. धाकटा पळाला असता तर पळता आलं असतं. पण तो दादाकडे धावला. पाना त्याच्या उजव्या मनगटावर आला आणि ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो गुडघ्यांवर बसला. दुसरा फटका पाठीत. मग पैलवानाने पाना दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

दादाच्या हाताला लाकडी स्टूल लागलं. त्याने ते अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोराने पैलवानाच्या कमरेत हाणलं. पैलवान वळला, ओल्या फरशीवर पाय सटकला, पाना उडाला, आणि सावरायला म्हणून त्याने हात टाकला तो गाडीच्या दारावर.

मुठीला बोटं चिकटली. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. ते अवाढव्य शरीर ताठ होऊन थरथरायला लागलं, डोळे पांढरे झाले, दात एकमेकांवर वाजू लागले.

खरं सांगायचं तर दादा क्षणभर तसाच पडून राहिला. हा माणूस उठला तर धाकट्याला मारणार. नाही उठला तर प्रश्नच मिटतो, आणि कोणी विचारणारही नाही. माणसाचं मन असंच असतं, रक्ताचं नातं डोळ्यांपुढे आलं की देवालाही म्हणतं, जरा तिकडे बघ. पण दादाच्या हाताने मनाला विचारलंच नाही. त्याने भिंतीकडून येणारी केबल पकडली आणि मागे हिसका मारला. अडॅप्टर बाहेर आला. पैलवान लाकडाच्या ओंडक्यासारखा खाली कोसळला.

दादा रांगत गेला. छातीला कान लावला. श्वास होता. तळव्याची कातडी करपली होती आणि तिचा वास दुकानात भरला होता.

बऱ्याच वेळाने पैलवानाने डोळे उघडले. छताकडे बघत विचारलं, "तिला असंच झालं असेल?"

"हो," दादा म्हणाला. खोटं बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

"हाक पण मारता येत नाही रे." पैलवानाच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहू लागलं. "मी आतच होतो. मला वाटत होतं, हाक का नाही मारली."

धाकटा हुंदके देत होता. मोडलेला हात छातीशी धरून तो गुडघ्यांवरच सरकत आला. "पैलवान, मारा मला. पण मारायच्या आधी एक ऐका. अजून विकलेत मी. सहा-सात."

दादाने त्याच्याकडे पाहिलं आणि खणकन कानाखाली दिली. फुटलेल्या ओठाने, मोडलेल्या बरगड्यांनी जेवढी देता येईल तेवढी.

"कोणाला?" पैलवान बसता झाला.

"दूधवाल्याला एक. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना एक. उतारावरच्या शाळेतल्या शिक्षकांना, त्यांच्या घरी तर दोन लहान पोरी आहेत..." तो एकेक चेहरा आठवून सांगत राहिला.

पैलवान गाडीचा आधार घ्यायला गेला, हात मागे घेतला, मग भिंतीला धरून उठला. खाली पडलेला पाना त्याने उचलला. दादा दोघांच्या मध्ये उभा राहिला. उभं राहताना त्याला भिंत धरावी लागली, तरी राहिला.

"बाजूला हो," पैलवान म्हणाला. त्याने अडॅप्टर टेबलावर ठेवला आणि पान्याने घाव घालत राहिला, पिना वाकल्या, तांबं बाहेर आलं, टेबलाला खड्डा पडला तरी थांबला नाही. मग पाना टाकून त्याने शटरची कडी काढली.

"चल, बस गाडीत."

"त्याचा हात मोडलाय," दादा म्हणाला. "आधी डॉक्टर."

"आधी शिक्षक," पैलवान म्हणाला. "पोरी आहेत म्हणतोय ना. शाळा सुटायची वेळ झालीये." आणि करपलेला हात पोटाशी धरून तो धाकट्याकडे वळला. "माफ नाही केलं तुला. कधी करणार नाही. पण रस्ता तूच दाखवायचास."

धाकट्याने गाडीच्या मुठीकडे हात नेला. केबल फरशीवर पडली होती, भिंत रिकामी होती, तरी बोटं पुढे जाईनात. दादाने पुढे होऊन दार उघडलं, त्याला आत बसवलं आणि स्वतः मागच्या सीटवर बसला.