खात्याच्या खुंट्या

“झाड लावायला तुम्हीच सांगितलंत, आणि आता चोर मी?” खोडावर ठोकलेली नोटीस माळीणबाईंनी हिसकून काढली. कागद फाटला, खिळा तिथेच राहिला.

साहेब फाटकाबाहेरच थांबले. वनखात्यात त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं.

“आजी, नदीकाठी झाऊ माजलाय. पाणी शोषतो, पानांतून मीठ गाळतो, खाली गवताची काडी उगवत नाही. सगळं बी तुमच्या अंगणातून उडालं, असा अहवाल आहे. महिन्याभरात हे झाड तोडावं लागेल.”

“तोडा की! पण हा झाऊ आधी कोणी लावला ते खरं लिहा.”

“तसं काही रेकॉर्ड नाही.”

“हे काय मग?” त्यांनी दोन्ही तळहात पुढे केले. साहेबांनी ते पाहिले आणि मोटारसायकलला किक मारली.

तीस वर्षं हे हात खात्याच्या रोपवाटिकेत राबले होते. वाळू अडवायला झाऊ लावा, असा वरून हुकूम सुटला, तेव्हा त्यांनीच हजारो कलमं केली. उरलेलं एक दारात खोचलं. पुढे रोपवाटिका मोडली, कागद कुठे गेले ते खात्यालाच ठाऊक. झाऊची भूक त्यांनीही पाहिली होती. त्याची बाजू त्या घेत नव्हत्या. पण नोटिशीत ‘उगमस्थान’ म्हणून त्यांचं घर लिहिलं होतं, ते काही घशाखाली उतरेना.

आठवड्याभरात नदीकाठ बोडका झाला. कामावरचा मुकादम पाणी प्यायला आला. रोपवाटिकेत तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

“रान साफ, मावशी. आता मोजणीसाठी दर दहा पावलांवर खुंटी ठोकून आकडा टाकतोय.”

“खुंट्या कुठल्या?”

“लोखंडी येणार होत्या, त्या कागदावरच आल्या. मग तोडलेल्या फांद्यांच्याच केल्या.”

माळीणबाईंच्या हातातला तांब्या कलला. “ओल्या?”

“ओल्याच. साहेब म्हणाले, लाकूड ते लाकूड.” मुकादमाने पेला पालथा घातला आणि त्यांच्याकडे न बघता चपला चढवल्या.

वीस दिवसांनी, झाड तोडायच्या आदल्या सकाळी, त्या सुनेला घेऊन नदीवर गेल्या. उतारावरच पाय थबकले.

बोडक्या काठावर, नजर जाईल तिथवर, सुतात ओढावी तशी हिरवी रांग उभी होती. एकूण एक खुंटी फुटली होती. पिसासारखी कोवळी पालवी, तिच्या टोकाटोकावर खारट थेंब, आणि कोवळ्या उन्हात सगळा काठ लखलखत होता. न पाणी, न खत, वरून घणाचे घाव. तरी फुटली होती. प्रत्येकीच्या अंगावर खात्याचा पिवळा आकडा.

“अगं बाई!” सून कुजबुजली. “मला तुमच्या घरात रुजायला दोन वर्षं लागली, आई. यांना वीस दिवस!”

माळीणबाई हसल्या नाहीत. आयुष्यभर हेच केलं, तरी आज त्यांच्या अंगावर काटा आला होता. चप्पल काढून त्या पुढे गेल्या. एक्केचाळीस नंबरची खुंटी दोन्ही हातांनी हलवून उपसली. बुडाला पांढऱ्या मुळांचा झुबका होता. त्यांनी माती झटकली. खालचा काप तिरका, बरोबर डोळ्याखाली, कोंब फुटतो त्या जागेच्या खाली. वरचा सरळ. डोळे सगळे आकाशाकडे.

खुंटी कोणी अशी कापत नाही. अशी कापतात ती कलमं. हे वळण त्यांनी फक्त आपल्या हाताखालच्या माणसांना लावलं होतं.

तासाभराने कचेरीत साहेबांच्या उघड्या फायलीवर ती खुंटी मातीसकट आडवी पडली. साहेब ओरडायला उठले आणि तसेच राहिले. बोट नकळत पालवीला लागलं, थेंब बोटावर आला, तो त्यांनी जिभेला लावून पाहिला. दाराशी मुकादम छताचा पंखा निरखत उभा होता.

“आकडा तुमचा, ठोकली तुम्ही,” माळीणबाई म्हणाल्या. “अशा चारशे उभ्या आहेत काठावर. आता लिहा. झाऊ कोणी लावला?”

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

“त्याच्याकडे काय बघता? तुम्हाला विचारतेय मी. कोणी लावला?”